न भाजलेला पट्टा

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. निवृत्त झाल्यावर टाळलं, बायको गेल्यावर टाळलं, आणि मुलानं "बाबा, आठवणी लिहून काढा की" म्हणून टेबल-खुर्ची आणून दिली तेव्हाही टाळलं. त्या टेबलावर आता औषधं असतात. तरुणपणी हिर्डोशीच्या शाळेत विज्ञान शिकवत असताना मी एका मुलीबद्दल तिच्या वडिलांसमोर खोटं बोललो. त्यानंतर हिर्डोशीच्या रस्त्याला मी कधी गेलो नाही. या एप्रिलमध्ये गेलो. भोर आणि वेल्ह्याचा हा मुलूख ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो थोडाफार दिसेल असं लिहिणार आहे, पण गेलो कशासाठी ते आधीच सांगितलेलं बरं.

निमित्त झालं समीर तांबोळींच्या फोनचं. ते वेल्ह्याच्या पुढे पासलीच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. घर भोरला. आठवडाभर वेल्ह्यात खोली घेऊन राहतात आणि शनिवारी घरी येतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे ते मित्र, तिथून माझा नंबर त्यांना मिळाला. म्हणाले, "सर, आमच्याकडं शनिवारी पुस्तक बंद असतं. मुलं प्रश्न काढतात आणि स्वतः करून बघतात. तुम्ही विज्ञानाचे जुने शिक्षक. दोन दिवस या. शिवाय एक अडचण आहे. शाळेला लागून एका आजींचं शेत आहे. भाताच्या रोपांच्या वाफ्यातला एक पट्टा मुलांना प्रयोगाला हवाय. त्या देत नाहीत. तुमच्यासारखं कुणी वडीलधारं बोललं तर ऐकतील. तुमच्या हिर्डोशीच्याच आहेत त्या माहेरच्या. हौसाबाई."

मी येतो म्हणालो. नाव पुन्हा विचारलं नाही. हिर्डोशीत हौसा नावाच्या बऱ्याच असतील, असं फोन ठेवल्यावर स्वतःला सांगितलं.

किकवी

भोरला जायचं तर कापूरहोळला उतरायचं. मला एसटीत डुलकी लागली आणि जाग आली ती किकवीला. मी कंडक्टरला म्हणालो, "अहो, मला कापूरहोळ पाहिजे होतं."

"म्हाईत हाय की. पन तुमी घोरत व्हता. म्हातारं मानूस, म्हनलं झोपू द्या."

"मग आता मी काय करू?"

"उतरा हितं. तुमचं कुठं तिकीट हाय? पंच्याहत्तरीच्या वर फुकाट. कितीबी फिरा."

बस हसली. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हायवेच्या कडेला एका बाईंची चहाची टपरी होती. त्यांनी चहा दिला आणि रस्त्यावरच्या एका मोटरसायकलवाल्याला हाक मारली, "ए गन्या, भोरला निगालास ना? ह्या बाबास्नी घिऊन जा. हळू चालव, हाडं जुनी हायेत." पुण्यात माझ्या सोसायटीत शेजारच्या दारावरची पाटी मी अजून नीट वाचलेली नाही. इथे एका अनोळखी बाईनं माझी हाडं दुसऱ्या अनोळखी माणसाच्या हवाली केली आणि त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

भोर

तांबोळींचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. त्यांच्या आईंनी ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. "आमच्यात लसूण जरा जास्त पडतो, चालेल ना सर?" असं विचारून उत्तराची वाट न पाहता त्यांनी वाढलं. मग दुधातल्या शेवया. मी दुसऱ्यांदा मागून घेतल्या.

जेवताना तांबोळींनी प्रयोग समजावून सांगितला. या भागात भात लावायच्या आधी रोपं करतात, त्या रोपांना तरवा म्हणतात. तरवा पेरायची जागा उन्हाळ्यात भाजून काढतात. पालापाचोळा, गवत, शेणकुटं, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या असं सगळं वाफ्यावर पसरायचं, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. हा राब. पिढ्यान् पिढ्या सगळे भाजतात. त्यांच्या सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, राबानं नेमकं काय होतं? आगीनं तणाचं बी मरतं म्हणून रोप चांगलं येतं, की राख खाऊन चांगलं येतं?

"मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं असतं," तांबोळी म्हणाले, "पण मला पुस्तकात सापडलंच नाही नीट. मग म्हटलं, करून बघू. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात केलं. पण ओट्यावरच्या डब्याला पाऊस कुठून यायचा? खरा वाफा पाहिजे. शाळेचं मैदान नुसता मुरूम. आणि ती मुलगी म्हणजे हौसाबाईंचीच नात, प्रांजल. घरचाच वाफा आहे, तरी आजी नाही म्हणते. राब पसरून झालाय. एक-दोन दिवसांत पेटवतील. पेटवला की गेलं वर्ष."

त्यांच्या आई म्हणाल्या, "सर, तुम्ही जेवत नाही."

मी म्हणालो, झालं माझं.

हिर्डोशी

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तांबोळी म्हणाले, चला, तुमची जुनी शाळा बघून येऊ. मी नको म्हणायला हवं होतं, पण त्यांनी गाडी बाहेर काढली होती. भोरपासून वरंध घाटाकडे जाणारा हा रस्ता. डाव्या-उजव्या अंगाला डोंगर, खाली धरणाचं पाणी. एप्रिलमध्ये ते आटतं आणि काठावर मातीच्या पायऱ्या उघड्या पडतात. मी इथे होतो तेव्हा हे पाणी नव्हतं. करवंदाच्या जाळ्या मात्र जागच्या जागी होत्या. कच्ची करवंदं तोडून तांबोळींनी मीठ लावून खाल्ली, मला दात आंबतील म्हणून दिली नाहीत.

डोंगराच्या उतारांवर जागोजागी धूर होता. राब भाजण्याचे दिवस. धुराला शेणाचा आणि ओल्या पाल्याचा वास येतो. नाकानं तो लगेच ओळखला.

शाळेची इमारत नवी झाली आहे. जुन्या कौलारू खोल्यांच्या जागी पत्र्याची शेड आहे. पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी पारठ्यांच्या आप्पांची, त्या मुलीच्या वडिलांची, चौकशी केली.

"आप्पा? जाऊन लई वर्सं झाली. पोरगी दिली तिकडं पासलीला. पोरगा ममईला. घर पडलं. तुमी कोन?"

"मी इथे मास्तर होतो."

"मग आसाल," ते म्हणाले आणि विडी शिलगावली.

पासली म्हटल्यावर हिर्डोशीतल्या इतर हौसांचा प्रश्न मिटला. तेव्हा काय झालं ते आता सांगतो.

मी नोकरीला नवा होतो, अजून कायम झालेलो नव्हतो. आठवीच्या वर्गात मातीवरचा धडा चालू होता. हौसा पारठे तिसऱ्या बाकावर बसायची. तिनं विचारलं, "सर, राब न्हाई भाजला तर काय व्हईल?" मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी जे बोललो त्यासारखं चांगलं वाक्य पुढे सबंध नोकरीत बोललो नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही. तू करून बघ. अर्धा वाफा भाज, अर्धा तसाच ठेव, आणि मला येऊन सांग."

तिनं केलं. तिचे वडील महाडकडे वीटभट्टीवर कामाला गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली. राबाचं काम तिच्यावर आणि लहान भावावर होतं. पाऊस पडल्यावर न भाजलेल्या अर्ध्या वाफ्यात रोपांच्या आधी तण आलं आणि रोपं त्यात पिवळी पडून राहिली. लावणीला तरवा पुरला नाही. भावकीत कुणाकडे जास्तीचा नव्हता. पारठ्यांची खालची दोन खाचरं त्या वर्षी ओस गेली. कुणाचा संसार उलटला नाही, पण त्या घरात वर्षाचा भात घरच्या खाचरातूनच यायचा.

आप्पा हौसाला घेऊन शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावलं. आप्पा रागावलेले नव्हते, उलट संकोचलेले होते. टोपी हातात धरून म्हणाले, "मास्तर, पोरगी म्हनती तुमी सांगितलं. तुमी सांगितलं आसंल तर माजं काय म्हननं न्हाई. शिकल्याल्या मानसानं सांगितलं, चुकलं, झालं. निस्तं खरं सांगा."

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. त्या वर्षी माझा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात होता. मी म्हणालो, "मी असं कसं सांगेन? मुलं मनानं काहीही करतात."

आप्पा म्हणाले, "म्हंजी पोरगी खोटं बोलती."

त्यावर मी काहीच बोललो नाही. हौसा दाराच्या चौकटीला नखानं खरवडत उभी होती. पुढच्या आठवड्यात तिचं नाव कमी झालं.

मी कायम झालो. पुढे वेगवेगळ्या शाळांतून शिकवलं, माझ्या वर्गांचे निकाल चांगले लागत. प्रयोगशाळेचं कपाट मी तपासणीच्या दिवशी उघडत असे आणि दसऱ्याला त्यातल्या तराजूला हार घालत असे. मुलांना उत्तरं लिहून देत असे. "करून बघ" असं मी त्यानंतर एकाही मुलाला म्हणालो नाही.

तांबोळींना यातलं मी काही सांगितलं नाही. गाडीत बसताना ते म्हणाले, "सर, फार गप्प झालात. जुन्या आठवणी ना?" मी हो म्हणालो.

पासली

सोमवारी पहाटेच तांबोळींच्या गाडीनं निघालो. नसरापूर सोडलं की रस्ता तोरण्याच्या दिशेनं चढायला लागतो. तालुक्याचं नाव आता बदललं आहे, पण चहाच्या टपरीवर सगळे वेल्हंच म्हणतात. वेल्ह्याच्या पुढे गर्दी संपते. भाताची कोरडी खाचरं पायऱ्यांसारखी खाली उतरतात आणि त्यांच्या मधूनच एखादं घर.

शाळा सकाळची होती, आणि मी आलो म्हणून तांबोळींनी सोमवारीच पुस्तक बंद ठेवलं होतं. दोन खोल्या, ओटा, आणि ओट्यावर ओळीनं तेलाचे पत्र्याचे डबे. मुलांनी मला खुर्ची दिली आणि ताबडतोब विसरून गेली. पुण्यात माझा नातू ज्या शाळेत जातो तिथे प्रयोगाचा संच पेटीतून येतो आणि काय होणार ते झाकणावर छापलेलं असतं. इथे काय होणार ते तांबोळींनाही ठाऊक नव्हतं. एका मुलानं विचारलं, "सर, दगडाखाली विंचू दुपारीच का बसतो?" तांबोळी म्हणाले, "माहीत नाही. कसं शोधायचं?" लगेच भांडण सुरू झालं. एकजण म्हणाला दगड उचलून बघू, दुसरा म्हणाला, "आदी तुजा हात घाल, मग आमी लिवून घेतो."

प्रांजल ही किडकिडीत, मोठ्यानं बोलणारी मुलगी. तिनं मला डबे दाखवले. "ह्यो भाजलेला. ह्यात तण न्हाई. ह्यो न भाजलेला, ह्यात तणच तण. पन सर, भाजला की आग बी लागती आन् राख बी पडती. दोन्ही एकदमच व्हतंय. मग कशानं झालं ते कसं कळायचं? म्हनून तीन पट्टे पायजेत. एक भाजलेला. एक न भाजता वर निस्ती राख टाकलेला. आन् एक कोरा."

मी हौसाला दोनच भाग करायला सांगितले होते. तिसरा मला सुचलाच नव्हता.

"तुमी करून बगितलं व्हतं का सर, कवा?" प्रांजलनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. हे खरं होतं.

शाळा सुटल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. घर शाळेच्या कुंपणाला लागूनच. अंगणात शेणकुटांची रास आणि दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या. दारात एक जाड भिंगाच्या चष्म्याच्या, केस पांढरे झालेल्या बाई कोयत्याला धार लावत बसल्या होत्या. मी त्यांना ओळखलं नसतं. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"सर? अगं बया! सर हायेत की हे! मला वाटलं तांबोळी सर कुनी सायब आनत्यात. ए सूनबाई, भाकरी टाक. म्या हौसा, सर. आप्पा पारठ्याची."

त्या उठल्या आणि वाकल्या. मी मागे सरकलो आणि अंगणातल्या घागरीला लागून पडता पडता वाचलो. तांबोळींनी धरलं. प्रांजल हसली, तिला आजीनं दटावलं.

नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, करवंदाची चटणी आणि ताक आलं. हौसाबाई समोर बसून वारा घालत होत्या. सुनेच्या भाकरीची कड जळली म्हणून त्यांनी तिला टोमणा मारला. सून म्हणाली, "तुमीच म्हनला जाळ वाढव." यावर दोघी हसल्या. मी खात राहिलो. मनात वाक्य तयार होतं. हात धुतले की बोलायचं असं ठरवलं होतं.

हात धुऊन झाले. हौसाबाई म्हणाल्या, "सर, एक सांगायचं व्हतं तुमास्नी. लई वर्सं झाली. तुमी भेटला न्हाई कुठं."

"बोला ना."

"मला काय आहोजाहो करता? हौसा म्हना." मग त्यांनी पदर सारखा केला. "त्या टायमाला म्या आप्पास्नी तुमचं नाव सांगितलं. राबाचं. तुमी सांगितलं म्हनून. हेडसरांच्या फुडं तुमाला बोलवलं, तुमचा अपमान झाला. तवा मला वाटायचं की तुमी खरंच सांगितल्यालं. पन म्या मागनं लई इचार केला. सर कशापायी खोटं बोलतील? त्यांना काय गरज? म्हंजी म्याच मनानं केलं आन् मार चुकवायला तुमच्यावर ढकललं. लहान व्हते. माफ करा सर."

तांबोळी माझ्याकडे बघत होते. सून दारात उभी होती. प्रांजल कोयता उचलून त्याची धार बोटानं बघत होती.

मी म्हणालो, "असू दे."

हौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "वझं उतरलं बगा. आन् म्हनूनच मी हिला वाफा देत न्हाई. आमच्या रक्तातच हाय त्ये. मनाला यील ते करायचं आन् मग दुसऱ्याचं नाव फुडं करायचं. माजी शाळा त्याच्यापायी गेली. हिची जायला नगो."

"मी कुठं कुनाचं नाव घेतलं?" प्रांजल उसळली. "मला म्हाईतच करून घ्यायचं न्हाई का?"

"गप. मोठी आलीस."

"आजी, एक पट्टा! तुजी साडी पसरली तरी त्याच्यापरास मोठी व्हईल."

"माजी साडी पसर मग, तिच्यावर तरवा कर."

मी उभा राहिलो. "हौसा, पट्टा दे तिला. मी सांगतोय. तांबोळी सर आहेत, सूनबाई आहे, सगळ्यांच्या समोर सांगतोय. रोपं कमी पडली तर माझ्या सांगण्यानं पडली असं म्हणायचं. प्रांजल, करून बघ."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मोकळेपणानं हसल्या. "तुमी सांगितलं म्हंजी झालं. सरांचा शबुद हाय. चल गं, उंबराकडच्या अंगाचा घे. पन माजा चांगला राब त्यावरनं उचलायचा तो तूच उचलायचा. मी वाकनार न्हाई."

सबंध वर्ग आला. मुलांनी उंबराकडच्या कडेला दोरी लावून त्या एका पट्ट्यातच तीन लहान पट्टे आखले आणि दोन पट्ट्यांवरचा पसरलेला पाला आणि शेणकुटं हातांनी ओढून बाजूला केली. पट्ट्यांच्या मध्ये आग पुढे सरकू नये म्हणून तांबोळींनी फावड्यानं माती उकरून चर काढला. वारा पडल्यावर हौसाबाईंनी वाफ्याच्या खालच्या टोकाला विस्तव ठेवला. राब भडकत नाही, तो पोटातून जळतो आणि धूर जमिनीला धरून चालतो. हळूहळू सगळा वाफा काळा झाला. उंबराकडचे दोन पट्टे तेवढे तांबड्या मातीचे राहिले.

प्रांजल राखेची पाटी घेऊन उभी होती. "गार झाली की मधल्या पट्ट्यावर टाकायची. कमी पडली तर चालेल का सर?"

तिनं मला विचारलं होतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही." ती मान हलवून मुलांकडे वळली आणि किती राख टाकायची त्यावर त्यांचं भांडण सुरू झालं.

संध्याकाळच्या एसटीनं मी परत निघालो. हौसाबाई फाट्यापर्यंत आल्या. पिशवीत वाटीभर करवंदाची चटणी आणि सुनेच्या हातच्या दोन भाकऱ्या. आम्ही दोघंच होतो. गाडी यायला वेळ होता. त्यांनी आईचं शेवटचं दुखणं सांगितलं, भावाच्या मुंबईच्या खोलीचं सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, आज लई हलकं वाटतंय. तुमी माफ केलं. आता मी मेले तरी काय न्हाई."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी आली असं लिहिलं तर सोपं होईल, पण गाडी तेव्हा आली नाही. पुष्कळ वेळ होता. वळणावर म्हशी होत्या, त्या पूर्ण उतरून जाईपर्यंत वेळ होता. मी म्हशींकडे बघत राहिलो. तिचं ओझं उतरलं होतं आणि ते पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवणं बरं नाही, असं मी स्वतःला पटवलं. हिर्डोशीच्या त्या खोलीतही मी स्वतःला असंच काहीतरी पटवलं होतं.

गाडीत कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. मी दाखवलं. खिडकीतून हौसा हात हलवताना दिसली, मग वळण आलं.

पावसाळ्यात त्या पट्ट्यांत काय उगवतं ते तांबोळी कळवतील. हा लेखही ते तिला वाचून दाखवतील, मी त्यांना तसं सांगणार आहे. पण ते नुसतं वाचून दाखवणं झालं, मी तिच्यासमोर उभं राहून बोलणं नव्हे. पासलीच्या अंगणात "पट्टा दे, मी सांगतोय" इथवर मी आलो होतो. त्याच्या पुढचं वाक्य एवढंच होतं: हौसा, तेव्हाही मीच सांगितलं होतं. खोटं मी बोललो, तू नाहीस. मला माफ कर.